एका पांढऱ्या द्राक्षाची चौकशी

द्राक्ष या फळासंबंधी आमच्या सांगवीतील नागरिकांची मते अत्यंत ठाम असून ती सर्वच्या सर्व हातगाडीपाशी उभ्याउभ्या बनलेली आहेत. माघ-फाल्गुनात कृष्णा चौकात द्राक्षांच्या गाड्या लागल्या, की तेथे येणारा प्रत्येक गृहस्थ, मग तो सरकारी दफ्तरातून निवृत्त झालेला असो वा चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून परतलेला असो, प्रथम ‘गोड आहेत का?’ असे विचारतो. विक्रेत्याने ‘साखर आहे, साहेब’ अशी जबानी दिली तरी तीवर विश्वास न ठेवता घडातला एक मणी तोडून तोंडात टाकतो. बी लागत नाही याची रुजुवात करून घेतो. आणि भावाची घासाघीस चालू असतानाच आणखी दोन-चार मणी पुराव्यादाखल उदरस्थ करतो. मणी टपोरा, साल पातळ, पोटात बी नाही आणि जिभेवर आंबटपणा नाही, एवढे जुळले की परीक्षा संपली. थॉमसन, सोनाका, किंवा वसंतराव आर्वे यांनी तासगावकडे थॉमसनमधूनच निवडून काढलेले तास-ए-गणेश, यांच्यापलीकडे द्राक्षाला काही अस्तित्व असेल ही शंका आमच्या मनाला कधी शिवली नव्हती.

ती शिवली माझ्या भाच्यामुळे. हा चाकणला अभियंता आहे. पूर्वी नाशिकला गेलेला मनुष्य त्र्यंबकेश्वराचा प्रसाद आणि चिवडा घेऊन परत येत असे. हा चिरंजीव एक पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन आला आणि तीवरील ‘सोव्हिन्याँ ब्लाँ’ हे द्राक्षाचे नाव त्याने अशा काही नासिकायुक्त उच्चाराने वाचले, की त्याला सर्दी झाली असावी असे समजून आमच्या सौभाग्यवतींनी आल्याचा चहा टाकला. परक्या कुळातील असामी घरात येणार म्हटल्यावर, स्थळाची करावी तशी समग्र चौकशी करणे मला भागच होते, आणि आस्थापना शाखेत हयात घालवलेल्या मनुष्याला चौकशी करण्याइतके सुख दुसऱ्या कशातही नाही.

मूळ ठिकाण फ्रान्सातील ल्वार नदीचा व बोर्दोचा मुलूख. कूळ खानदानी, तथापि कुटुंबात एक प्रकरण घडलेले आहे. काही शतकांपूर्वी बोर्दोकडील कुठल्याशा बागेत या पांढऱ्या द्राक्षाचा काबेर्ने फ्राँ या काळ्या द्राक्षाशी, कोणाही वडीलधाऱ्याची संमती न घेता, संकर झाला आणि त्यातून काबेर्ने सोव्हिन्याँ हे जगप्रसिद्ध काळे अपत्य जन्मास आले. अपत्याच्या आडनावात आईबाप दोघांचीही नावे धडधडीत असताना ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. ती कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ व जॉन बॉवर्स यांनी डीएनए तपासून 1997 साली प्रसिद्ध केली. योग असा, की त्याच 1997 साली राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ यांच्या वेली लावल्या आणि त्याच साली पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही स्थापन झाले. सुला या नावाने पहिली बाटली निघाली ती 2000 साली. अर्थात आमच्या पुणे जिल्ह्याने या बाबतीत नाशिकला फार मान देण्याचे कारण नाही. नाशिक रस्त्यावरच्या आमच्या नारायणगावी शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकातच शँपेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन करून ती परदेशी धाडली होती.

आता अंगलक्षणे. मणी लहान, साल जाड, घड गच्च आणि पोटात बिया! म्हणजे कृष्णा चौकात हे द्राक्ष आले असते, तर गाडीवाल्यासकट परत पाठवले गेले असते. आम्ही ज्या ज्या गुणांसाठी पैसे मोजतो, ते ते सर्व येथे अवगुणांत जमा. साखरेचा प्रकार तर याहून विलक्षण. खाण्याच्या द्राक्षाच्या रसात शंभरात सोळा-अठरा भाग साखर भरते, याच्यात एकवीस-बावीस. आणि इतके असूनही पेल्यात उतरते ते गोड नसतेच. ही अफरातफर कोणी केली, असे मी विचारताच आमचे शेजारी अण्णा, जे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनच्या टाक्यांवर होते, खुर्ची पुढे ओढून म्हणाले, ‘‘अहो, हे आमचंच खातं! आमच्याकडे बुरशी होती, इथं यीस्ट आहे. साखर ती खाते, आणि तुम्हाला मिळतो तो तिचा उष्टावळा.’’ त्यानंतर त्यांनी टाकीचे तापमान किती राखावे यावर जे निरूपण केले, ते भाच्याने उभ्याने ऐकून घेतले.

या वेलीच्या दिनचर्येचेही मला कौतुक वाटले. मायदेशी ती थंडीभर निजून असते आणि सप्टेंबरात तिचा तोडा होतो. आमच्याकडे तिला निजायला सवडच नाही: एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि तोडा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान.

अखेर पेले भरले. मी उचलणार तोच भाचा म्हणाला, ‘‘मामा, घाई नको. आधी वास घ्या.’’ मी नाक पेल्यात घालून गंभीरपणे बसलो असता स्वयंपाकघराच्या दारातून प्रश्न आला, ‘‘अहो, ढोबळी मिरची कोणी चिरली?’’ भाचा आनंदाने उडालाच. कारण या द्राक्षाची जगन्मान्य ओळख नेमकी तीच आहे. मिरचीतले आणि याच्यातले गंधद्रव्य एकच असून त्याचे नाव मेथॉक्सिपायरेझिन. लिटरभर पाण्यात ते एका ग्रॅमचे दोन अब्जांश असले तरी मनुष्याच्या नाकाला सापडते, आणि घडावर ऊन पडून फळ पिकत गेले की ते कमी होत जाते. येथवर ठीक होते. परंतु जाणकार मंडळी याच वाइनमध्ये मांजराच्या मूत्राचाही वास हुंगतात, आणि न्यूझीलंडातील एका मद्यशाळेने तर तो न लपवता बाटलीच्या नावातच गोवला, असे भाच्याने सांगताच सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘त्याला बाटली कशाला? आपल्या जिन्यात फुकट आहे.’’

कायद्याच्या अंगानेही मी तपशील पाहिला. 1949 च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाखाली मद्याचा परवाना दिला जातो तो, परवान्याच्या भाषेत, आरोग्य राखण्यासाठी. औंधचे उरो रुग्णालय हाकेच्या अंतरावर असताना आरोग्यासाठी उत्पादन शुल्क खात्याकडे अर्ज करावा, हे सरकारी तर्कशास्त्र मला मनापासून आवडले. ज्या राज्याने हा कायदा जपला, त्याच राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण काढून विंचूर व पलूस येथे वाइन पार्क योजले. पुढे जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवण्यास मान्यता दिली, तेव्हा एवढा गहजब झाला की तजवीज कागदावरच राहिली. वेलीस अनुदान, बाटलीस संशय. आपल्याकडे धोरण म्हणतात ते हेच.

आता चवीविषयी माझा अभिप्राय. पहिला घोट आंबट लागतो आणि तोंड आपोआप चिंचेच्या बाजूस वळते. नुसती प्यावी अशी ही वस्तू नव्हे. परंतु त्या संध्याकाळी ताटात कोथिंबीरवडी होती, आणि त्या तळलेल्या, तिळाच्या, हिरव्यागार वडीनंतर घेतलेला घोट असा काही जमला, की अण्णांनीही टाक्यांचा विषय तहकूब केला. शेव-चिवड्याबरोबर ती वाया जाते, आमटीपुढे तर तिचा निभावच लागत नाही. वाचकांपैकी कोणास हा परिचय करून घ्यावयाचा असल्यास त्यांनी वयाची एकवीस वर्षे व परवाना पदरी असल्याची खात्री करावी, बाटलीवरील साल पाहून नवीच घ्यावी, कारण ही सोव्हिन्याँ ब्लाँ बहुधा साठवून सुधारत नाही, ती आठ-दहा अंशांपर्यंत थंड करावी, आणि वड्या मात्र घरच्याच कराव्यात.