किती इंचांवर गुन्हा?

झाशीचा किल्ला बघायला गेलेला मराठी माणूस बुरुजावर गहिवरतो, फोटो काढतो आणि लगेच ओरछ्याची रिक्षा ठरवतो. तासाभराच्या आत पोचतोही. वाटेत उत्तर प्रदेश संपून मध्य प्रदेश लागतो आणि पिशवीतल्या पेरू कापायच्या चाकूचं भवितव्य तिथेच बदलतं, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

मध्य प्रदेशात 1974 ची अधिसूचना आहे. सार्वजनिक जागी सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं चालत नाही. खटक्याचा चाकू तर कितीही लहान असो, नाहीच. हद्दीच्या या अंगाला, उत्तर प्रदेशात, रामपूरचे चाकू बनवणारे कारागीर साडेचार इंचांची मर्यादा सांगतात. गाडीत बसून दिल्लीला उतरलात तर तिथे 1980 ची अधिसूचना हजर: बटणाच्या चाकूचं पातं 7.62 सेंटिमीटर लांब आणि 1.72 सेंटिमीटर रुंद भरलं, की परवाना दाखवा. पानटपरीवर धरलेल्या पोराच्या चाकूची रुंदी ज्या हवालदाराने दोन दशांश स्थळांपर्यंत मोजली असेल, त्याची बदली खरं तर इस्रोत व्हायला हवी. आणि केंद्राचे शस्त्र नियम उघडा, तर तिथे नऊ इंच!

बरं, हा विषय स्थानिक म्हणावा, तर तसंही नाही. शस्त्रं हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्राच्या यादीत, पाचव्या क्रमांकावर. झाशीच्या महापालिकेने उद्या चाकूचा स्वतःचा कायदा करायचं ठरवलं, तर तो कागद चहा गाळायच्याही कामाचा नाही. अमेरिकेतल्या अरिझोनात गावागणिक चाकूचे नियम वेगळे होते. त्या राज्याने 2010 मध्ये ते मोडीत काढून राज्यभर एकच नियम ठेवला. आपण अधिकार आधीच दिल्लीत नेला आणि मग 1959 च्या शस्त्र कायद्यातल्या कलम 4 मधून प्रदेशवार इंच वाटत बसलो. अधिकार एक, फूटपट्ट्या चार.

आपल्या महाराष्ट्राने मागचं दार शोधलंय. शस्त्रं केंद्राची, पण पोलीस राज्याचे. म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली हत्यारं बाळगायला मनाई करणारा आदेश निघतो, पंधरा दिवसांचा. तो संपला की दुसरा. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात कोयता गँगचा बोलबाला झाला, तेव्हा गिऱ्हाइकाचं आधार बघून कोयता विका, असं दुकानदारांना सांगण्यात आलं. कोयता शेतीचं अवजार, त्यामुळे केंद्राच्या शस्त्रयादीतून तो सुटतो. विळीही सुटते, घरगुती म्हणून. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. तिथे आधार दोघांचं घ्यायचं की एकाचं?

रामपूरची गंमत याहून मोठी. हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी ज्याची जाहिरात फुकटात केली, तो रामपुरी चाकू नियमांच्या कात्रीत सापडला आणि कारागिरांचं काम आटलं. मग मार्च 2023 मध्ये त्याच शहरात चौक सजला, चाकू चौक, आणि मधोमध सुमारे 20 फुटांचा चाकू उभा राहिला. कारागिराने अर्धा इंच जास्त काढला तर गुन्हा आणि सरकारी खर्चाने 20 फूट काढला तर सुशोभीकरण.

झाशीत हीच कथा जरा दिमाखात चालते. स्टेशनाला राणीचं नाव, पुतळ्याच्या हातात तलवार. इंग्रजांनी 1854 मध्ये राज्य खालसा केलं आणि 1857 पासून हत्यारं काढून घेणारे कायदे आणले. व्हाइसरॉय लिटनचा 1878 चा शस्त्र कायदा त्यातलाच. त्याविरुद्ध काँग्रेस सुरुवातीच्या अधिवेशनांतून ठराव करत होती. स्वराज्य आलं, 1959 मध्ये नवा कायदा झाला आणि तलवार परवान्याच्या यादीतच राहिली. पुतळ्याकडे मात्र परवाना अजून कुणी मागितलेला नाही.

मागितला जातो तो रात्री स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या पोराकडे. कागदावर 'एक अदद चाकू नाजायज' उतरतं. पुढे एकूण लांबी लिहितात, पण ती मूठ धरून की मूठ सोडून, हा प्रश्न निघतो थेट कोर्टात. मुठीबद्दलची अधिसूचना बहुधा छपाईला गेली असावी.