दाढेतलं प्रीमियम

रूट कॅनॉललाही हल्ली दरपत्रक असतं : साधं, डिलक्स, प्रीमियम. प्रीमियममध्ये बायोसिरॅमिक सीलर. नाव ऐकूनच निम्मी दाढ बरी होते. उरलेली निम्मी रात्री ठणकते आणि पेशंट भडकतो, 'एवढे पैसे ओतले, तरी दुखतंय!'

अहो, एक-दोन दिवस दुखणारच. पैसे ओतले ते फट बुजवायला. दाढेत जाते ती गटापर्चाची गुलाबी काडी. हा मलायाकडच्या झाडाचा चीक; एकोणिसाव्या शतकात तो समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर चढवत. आजच्या काडीत चीक जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड. काडीभोवतीच्या फटींसाठी सीलर. जुन्या सीलरात युजेनॉल असतं, म्हणजे आजी दाताखाली धरायला सांगायची तीच लवंग, फक्त बिलावर आलेली. आणि बायोसिरॅमिक? कॅल्शियम सिलिकेट, बिल्डरच्या सिमेंटचा धुऊनपुसून घेतलेला चुलतभाऊ. त्याचा पूर्वज एमटीए कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातून 1990 च्या दशकात आला, तो थेट पोर्टलंड सिमेंटवरच बेतलेला. माल उत्तम आहे, ओलाव्यातही घट्ट बसतो. पण इपॉक्सी रेझिनच्या सीलरशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत नंतरच्या दुखण्यातला फरक बहुतेक वेळा नगण्यच निघाला.

नंतर किती दुखणार हे बरंचसं आधी किती दुखत होतं त्यावर ठरतं. मुळाच्या टोकापलीकडे घाण ढकलली गेली, सीलर सांडला, तरी ठणका वाढतो. आपण काय करतो? महिनोन्‌महिने लवंग चघळतो, मग शेजाऱ्याच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या गिळतो (त्यांनी हा ठणका थांबत नाही), आणि गाल फुगला की डॉक्टरांना विचारतो, 'चांगल्यातलं मटेरियल वापराल ना?'

शेवटी येते निळ्या कागदाची पट्टी. 'चावा. घासा. उंच लागतंय का?' जबडा बधिर, बाहेर रिक्षा थांबलेली. आपण 'ठीकाय' म्हणून मोकळे. भूल उतरली की केसाएवढं उंच राहिलेलं फिलिंग प्रत्येक घासाला दणका देतं. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत दोन मिनिटं घासून घेतलं की बहुधा आराम पडतो. त्या घासण्याला अजून कोणी प्रीमियम म्हटलेलं नाही. दरपत्रकात एक ओळ रिकामी आहे म्हणा.