दुष्काळी गावचा वनमंत्री

"अवो वैनी, आमच्या सोनसळकडं पावसाची मारामार. आन् तिथला मानूस अख्ख्या महाराष्ट्राचा वनमंत्री! काय म्हनायचं याला?"

अक्कांचं माहेर कडेगावकडचं, माझं सातारचं, आणि दोघींची घरं कराडात भिंतीला भिंत लावून. अक्का कंपाउंडवर कोपर टेकून 'साहेब' म्हणाल्या की ते पतंगराव कदम, हे आता आमच्या मांजरालाही ठाऊक झालंय.

"वनमंत्री नंतर झाले," मी म्हटलं. "आधी आमच्या साताऱ्यात शिकले. शिवाजी कॉलेज, कर्मवीरांचं 'कमवा आणि शिका'. ते विसरू नका."

"शिकले की! म्या कुटं न्हाय म्हनलं? पर शिकून गप बसले का? इसाव्या वर्षी पुन्यात जाऊन संस्था काढली."

ही गोष्ट अक्का दर वेळी रंगवून सांगतात, आणि खरंच रंगवण्यासारखी आहे. जन्म 1944 चा, भारती विद्यापीठ 1964 चं. जवळ इमारत नाही, पैसा नाही. शाळेतल्या पोरांच्या गणित-इंग्रजीच्या परीक्षा घेण्यापासून सुरुवात, आणि नाव मात्र विद्यापीठ! लोक हसले असतील तर त्यात नवल नाही. अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो 1996 साली. म्हणजे पाटी बत्तीस वर्षं आधी लावली आणि मग पाटीला शोभेल असं सगळं मागून उभं केलं. माझ्या मते त्या माणसाचं खरं कर्तृत्व इथंच संपतं आणि इथंच सुरू होतं. बाकी खाती आली नि गेली: शिक्षण, उद्योग, सहकार, महसूल. मोजत बसण्यात अर्थ नाही.

"निवडणुकीचं सांगा की," मी मुद्दाम टोचलं.

"त्यात लपवायचं काय? पयल्यांदा पडले, 1985 ला अपक्ष उभं ऱ्हाऊन आले. 1995 ला पुन्ना पडले. 1999 ला पुन्ना आले. पडल्यालं मानूसच उटतंय."

"आणि मुख्यमंत्रिपद?"

अक्का जरा गप्प झाल्या. ही दुखरी नस. मुख्यमंत्री बदलायची वेळ आली की पतंगरावांचं नाव चर्चेत यायचंच, आणि चर्चेतच राहायचं. नोव्हेंबर 2010 मध्ये ती माळ पडली कुणाच्या गळ्यात? आमच्या कराडच्या पृथ्वीराज चव्हाणांच्या! त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले. अक्कांनी पेढा घेतला, खाल्ला मात्र नाही, असं मी म्हणते. त्या म्हणतात, दाढ दुखत होती. आणि साहेबांकडं राहिलं वनखातं, जोडीला पुनर्वसन आणि मदतकार्य.

"लोकं म्हनली, साहेबांना कोपऱ्यात बसवलं."

मला तसं वाटत नाही, आणि तेच मी अक्कांना समजावत होते. वन आणि पुनर्वसन एकाच टेबलावर येणं ही आपल्या सातारा-सांगलीसाठी केवढी मोठी गोष्ट! जानेवारी 2010 मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. जंगल राखायचं तर आतली गावं बाहेर काढायची, आणि बाहेर काढलेल्यांना जमीन, पाणी, रस्ता द्यायचा. इतर वेळी एक खातं दुसऱ्याकडं बोट दाखवतं. इथं बोट दाखवायला दुसरा मंत्रीच नव्हता.

"मग झालं का समदं?" अक्कांनी माझंच माप माझ्या पदरात घातलं.

नाही झालं. कोयनेच्या माणसांना आधी धरणानं उठवलं, मग अभयारण्यानं जखडलं, वर व्याघ्र प्रकल्प आला. साठ वर्षं उलटून गेली तरी धरणग्रस्तांची आंदोलनं थांबलेली नाहीत. वारणाकाठी चांदोलीचंही तेच. एका मंत्र्याच्या चार-पाच वर्षांत हा गुंता सुटेल असं कुणी म्हणू नये. पण दोन्ही चाव्या एकाच कमरेला होत्या, आणि कुलूप पूर्ण उघडलं नाही, एवढं तरी म्हणायलाच हवं.

गाजलं ते दुसरंच. मे 2012 मध्ये सरकारनं ठरवलं की शिकाऱ्यांवर कारवाई करताना वनरक्षकानं गोळी झाडली तर तो गुन्हा धरायचा नाही. तिकडं चंद्रपूरकडं वाघांच्या शिकारी चालल्या होत्या. खबऱ्यांना गुपचूप पैसे द्यायचंही ठरलं. पतंगरावांचं नाव परदेशातल्या पेपरांत छापून आलं ते यामुळं.

"बोलनं तसंच व्हतं साहेबांचं, एक घाव दोन तुकडे."

"बोलणं ठीक आहे अक्का, पण बंदूक हातात असलेल्याला आधीच माफी म्हणजे जरा..."

"वाघाला कोन माफी देतंय?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मग मी हुकमाचं पान काढलं. साहेबांच्याच भागात, देवराष्ट्र्याजवळ, सागरेश्वर अभयारण्य आहे. बोडक्या डोंगरांवर झाडं लावून ते उभं केलं धों. म. मोहिते यांनी. 1985 पासून अभयारण्य, साडेदहा चौरस किलोमीटरच्या वर, आत सांबर, चितळ, काळवीट. मोहित्यांकडं ना खातं, ना लाल दिवा.

"म्हणजे अक्का, तुमच्या भागातला खरा वनमंत्री मोहितेच की!"

अक्कांनी पदर खोचला.

"लावलं जंगल त्यांनी, त्यांना हात जोडते. पर कुंपनाभाईर ईऊन हरनांनी शाळू खाल्ला, तर भरपाई मागाय लोकं कुनाच्या दारात जायची? साहेबांच्याच. आन् शिव्या बी तिथंच द्यायची."