फुल बॉडीचं कोटेशन

अण्णांच्या गाडीला रंग द्यायचा विषय निघाला, की आमच्या सोसायटीतल्या शहाण्या माणसांना एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं. माझं पार्किंग त्यांच्या शेजारी. त्यामुळे मला पळायला जागा नाही.

गाडी वॅगन-आर, 2009 ची. आरसी बुकात रंग ‘सिल्की सिल्व्हर’. त्यातलं सिल्की कधीच गेलं आणि सिल्व्हर जायच्या वाटेवर आहे. टपावरचा पारदर्शक थर उन्हाने पापुद्रे धरून सुटलाय. बॉनेटवर त्याच थराचा एक नकाशा तयार झालाय आणि त्याचा किनारा दर पावसाळ्यात बोटभर पुढे सरकतो. मागच्या डाव्या दारावर एका रिक्षाने लांबलचक सही केली आहे. “पण इंजिन ठणठणीत,” असं अण्णा म्हणतात, आणि ते खरं आहे.

गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा अण्णांनी तिचं रीपासिंग केलं. पाच हजार फी भरली, पर्यावरण कर वेगळा भरला आणि पाच वर्षांची मुदत मिळवली. खरी कटकट तिथून सुरू झाली. सरकारने गाडी पाच वर्षं चालणार असं लिहून दिलं, मग ती पाच वर्षं अशी दिसायची का? काकू म्हणाल्या, “द्या रंग एकदाचा.” अण्णा म्हणाले, “द्यायचाच आहे. फक्त कुठे, एवढंच ठरवायचंय.”

अण्णा जिल्हा परिषदेच्या लेखापरीक्षणातून निवृत्त झाले आहेत, हे इथे सांगायला हवं. तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता जोडल्याशिवाय त्यांच्या हाताखालून टाचणीची डबीसुद्धा मंजूर होऊन गेली नाही. सगळ्यांत कमी दराचं कोटेशन दिसलं, की ते विचारत, “एवढं स्वस्त कसं?” आणि महाग दिसलं, की विचारत, “एवढं महाग का?” मधल्याला ते काही विचारत नसत, मधलं कोटेशन पहिल्या दोघांपैकीच कोणीतरी आणून दिलेलं असतं, असा त्यांचा अनुभव होता.

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये अडुसष्ट हजार सांगितले. तेरा पॅनेल: बॉनेट, टप, डिकी, चार दारं, दोन फेंडर, दोन मागच्या बाजू, दोन बंपर. अण्णांनी ती मोजून घेतली. काळी टाय लावलेला मुलगा सारखं ‘सर’ म्हणत होता आणि यंत्रातली कॉफी फुकट होती; या दोन्ही गोष्टींचा खर्च पॅनेलमध्ये धरलेला असणार, हे अण्णांच्या लगेच ध्यानात आलं. गाडी विकली तर नव्वद हजार येतील. नव्वदच्या वस्तूला अडुसष्टचा रंग! असा प्रस्ताव त्यांनी नोकरीत असताना लाल शाईने परत पाठवला असता.

मग त्यांना वारज्याला हायवेच्या कडेची ती पत्र्याची शेड सापडली. बाहेर पाटी: ‘डेंटिंग पेंटिंग, फुल बॉडी, खात्रीशीर काम’. आत एक कॉम्प्रेसर धापा टाकतोय, दोन पोरं बादलीत पाणीपेपर बुडवून एका स्विफ्टचं दार घासताहेत, आणि काचांना कालच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती चिकटपट्टीने डकवलेल्या. मालक बार्शीकडचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, रिक्षाच्या सहीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “अठ्ठावीस.”

“हजार?”

“मग काय रुपये का, काका?”

त्या दिवशी अण्णा घरी आले ते हवेतून चालत. चाळीस हजार वाचले! रात्री जेवताना मात्र घास तोंडाशीच थांबला. चाळीस हजार वाचले, म्हणजे कुठून तरी गेले असणार. ते कुठून गेले?

इथून पुढे अण्णांचा अभ्यास सुरू झाला. रंग एनसी का पीयू? एनसी म्हणजे थिनरवर वाळणारा जुन्या पद्धतीचा रंग. स्वस्त पडतो आणि लवकर मेणचटतो. पीयूमध्ये हार्डनर घालावा लागतो; तो महाग असतो आणि टिकतो. हार्डनर कोणाचा? जुना रंग खरवडणार, की त्याच्यावरच मारणार? दिवे आणि दारांची रबरं काढणार, की नुसती पट्टी लावणार? दार उघडल्यावर आतली कड दिसते, ती अठ्ठावीसमध्ये आहे का? बंपर प्लॅस्टिकचा, त्याला वेगळा प्रायमर लागतो, तो आहे का? हे सगळं एका फुलस्केप कागदावर उतरवून अण्णा पुन्हा शेडमध्ये गेले, आणि मला साक्षीदार म्हणून नेलं.

मिस्त्रीने कागद उलटसुलट करून पाहिला. “काका, तुमाला रंग द्यायचाय का माझी परीक्षा घ्यायचीय?”

पण माणूस सरळ होता. त्याने स्टुलं मागवली, चहा सांगितला आणि उकल करून दिली. गन मारायला एक दिवस लागतो, म्हणाला. घासायला आठ दिवस लागतात. खड्डा ठोकून वर काढायचा, मग लांबी भरायची, ती वाळली की ऐंशीच्या पेपरने घासायची, मग एकशेऐंशी, मग तीनशेवीस. सरफेसर मारायचा, पुन्हा आठशेने पाण्यात घासायचं. तेव्हा कुठे बेस कोट, त्यावर लॅकर, आणि शेवटी दोन हजारचा पेपर फिरवून रबिंग. “गिऱ्हाईक रंगाचा भाव करतंय. रंग काय, डब्यात सगळीकडं तोच. तुमी भाव करताय तो पोरांच्या घासायचा. अठ्ठावीसमध्ये ती तीन दिवस घासतील. पस्तीस द्या, सहा दिवस घासतील.”

कोणत्याही अधिकृत काउंटरवर मला एवढं स्वच्छ उत्तर मिळालेलं नाही. मी तिथल्या तिथे गाडीची किल्ली दिली असती. अण्णांनी मात्र कागदाच्या मागे लिहून घेतलं: ‘घासण्याचे दिवस – मोजणार कोण?’

दुसऱ्याच दिवशी आमच्याच इमारतीतला, चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करणारा मुलगा लिफ्टमध्ये त्यांच्या तावडीत सापडला. त्याने भाबडेपणाने सांगितलं, की कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात, विजेच्या जोरावर प्रायमर सांध्यासांध्यात चिकटवतात आणि मग मोठ्या भट्टीत भाजतात. वरचे थरसुद्धा साधारण एकशेचाळीस अंशांवर भाजले जातात. तयार गाडीत सीट, वायरी, प्लॅस्टिक सगळं बसलेलं असतं. ती एवढी तापवता येत नाही. म्हणून बाहेरच्या चांगल्यातल्या चांगल्या बूथमध्येही साठेक अंशांवर थांबावं लागतं. अण्णांचे डोळे लकाकले. म्हणजे अडुसष्ट हजार देऊनही मूळचा रंग मिळत नाहीच! मग अडुसष्ट कशाला? आणि मूळचा मिळणारच नसेल, तर अठ्ठावीस तरी कशाला? एका लिफ्टच्या फेरीत दोन्ही कोटेशनं बाद झाली. मुलगा तेव्हापासून जिन्याने जातो.

भाच्याने विम्याची युक्ती सांगितली: एकेक पॅनेल कुठेतरी घासायचं आणि क्लेम लावायचा. अण्णांनी त्याला आधी नीतीवर आणि मग नो-क्लेम बोनसवर व्याख्यान दिलं. शून्यापासून पन्नास टक्क्यांपर्यंत चढायला पाच वर्षं लागतात आणि घसरायला एक क्लेम पुरतो. भाचा भारावला. अण्णांचा विमा नुसता थर्ड पार्टी आहे, त्यात स्वतःच्या गाडीचं खरचटणंही बसत नाही, हे काकूंनी चहा देताना सांगितलं.

मधे काही दिवस पांढऱ्या रंगाचं वारं होतं. ते मिस्त्रीनेच घातलं. रुपेरी रंग म्हणजे डोकेदुखी, म्हणाला. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते, गन जवळ धरली, लांब धरली, हवा कमीजास्त झाली, की कण वेगळे बसतात आणि शेजारशेजारची दोन दारं दोन गाड्यांची दिसतात. साधा पांढरा हाताला सोपा आणि खिशालाही. अण्णा जवळजवळ तयार झाले होते. पण गाडीचा रंग बदलला, तर आरसीतही बदलावा लागतो, म्हणजे संगम पुलाजवळच्या आरटीओत पुन्हा खेटे. रीपासिंगच्या आठवणी ताज्या होत्या. पांढरं वारं पडलं.

चुंबकाचं प्रकरण मात्र सोसायटीच्या इतिहासात राहील. पत्र्यावर लांबीचा जाड थर असला, की तिथे चुंबक नीट धरत नाही, हे अण्णांना कोणीतरी सांगितलं. त्यांनी फ्रिजवरची स्ट्रॉबेरी काढली. महाबळेश्वरच्या सहलीत नातीने घेतलेली, लाल, हिरव्या देठाची. ती खिशात टाकून ते पार्किंगमध्ये उतरले. स्वतःच्या गाडीवर सगळीकडे चिकटली. मग समोरच्या ओळीत गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी नुकतीच जुनी होंडा सिटी घेतली होती, ‘एकहाती, डॉक्टरांनी वापरलेली, एक ओरखडा नाही’. अण्णांनी मागच्या उजव्या बाजूला स्ट्रॉबेरी लावली. ती घसरली. वर लावली, घसरली. बाजूला लावली, तेव्हा कुठे धरली. अण्णांनी बोटाने हवेत एक वीतभर वर्तुळ काढलं आणि शांतपणे म्हणाले, “इथे डॉक्टरांना कोणीतरी ठोकलंय.” गृहस्थ बाल्कनीत उभे होते. त्यांचा आणि एजंटचा जो संवाद झाला, तो सगळ्या इमारतीने खिडक्या उघडून ऐकला. अण्णांशी ते अजून बोलत नाहीत. त्यांच्या मिसेस मात्र काकूंकडून स्ट्रॉबेरी मागून नेतात. त्यांना भावासाठी गाडी बघायची आहे.

आणि मुहूर्त? उन्हाळ्यात रंग फार लवकर वाळतो आणि धूळ बसते. पावसाळ्यात हवेतलं पाणी रंगात जातं आणि चकाकी पांढुरकी पडते, हे मिस्त्रीच सांगतो. गणपतीत शेडमधली पोरं गावाला जातात. पितृपक्षात अण्णा पंक्चरसुद्धा काढत नाहीत. दसऱ्याच्या आधी रांग असते, गर्दीत काम उरकलं जातं. दिवाळीत पाहुण्यांना आणायला गाडी हवी. थंडी बरी, पण थंडीत लांबी उशिरा वाळते, असं नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टवाल्याचं मत पडलं, आणि अण्णांना ते पटलं. काकूंनी एकदा हिशेब मांडला, की वारज्याला जाण्यायेण्याच्या पेट्रोलमध्ये एव्हाना दोन दारं रंगली असती. अण्णांनी हिशेब तपासून पाहिला. बरोबर होता. म्हणून आता ते बसने जातात.

लोकांना वाटतं, अण्णा कंजूष आहेत. तसं नाही. नातीच्या क्लासचे पैसे त्यांनी पावतीसुद्धा न मागता भरले. त्यांना दोन भित्या आहेत: जास्त पैसे देऊन फसण्याची, आणि कमी पैसे देऊन फसण्याची. या दोन्हींच्या मधे जी सुरक्षित जागा आहे, ती फक्त चौकशीची. तिथे माणूस हुशारही असतो आणि पैसेही खिशात असतात. एकदा गाडी शेडमध्ये लागली, की अण्णा उद्यापासून साधे गिऱ्हाईक. कुठे धूळ बसली, कुठे संत्र्याच्या सालीसारखा पोत आला, कुठे रबरावर रंग उडाला, हे सगळं मग त्यांच्या निर्णयाच्या नावावर जमा. आत्ता जे सोललंय, ते उन्हाच्या नावावर आहे.

दरम्यान त्यांच्या सल्ल्याने पाच जणांनी गाड्या रंगवून घेतल्या. माझीही त्यात. मी पस्तीसवाला सौदा केला. मागच्या फेंडरवर दोन ठिकाणी धूळ आहे, बाकी गाडी चकचकीत झाली. अण्णा रोज सकाळी ती धूळ बघून जातात.

परवा आम्ही दोघं शेडवर गेलो, तर मिस्त्री नव्हता. अण्णा त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर बसले. एक तरुण आल्टो घेऊन आला आणि स्टुलावरच्या माणसालाच मालक समजून म्हणाला, “काका, फुल बॉडीचे काय घेता?”

अण्णा उठले. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, दारावरून अंगठा फिरवला, खिशातून स्ट्रॉबेरी काढून दोन ठिकाणी लावून पाहिली. “पस्तीस,” म्हणाले. “अठ्ठावीसमध्येही होईल, पण घासणार नाहीत. आणि आत्ता नको, हवा दमट आहे. आधी अजून दोन ठिकाणी विचारून ये बाळ.”

तरुण आभार मानून निघून गेला. मिस्त्री मागच्या दाराने आला होता आणि चहाचे ग्लास हातात घेऊन हे सगळं ऐकत उभा होता. त्याने ग्लास कॉम्प्रेसरवर ठेवले आणि अण्णांपुढे हात जोडले.

“काका, उद्या गाडी लावा. पैसे नकोत. पीयू मारतो, सहा दिवस घासतो. फक्त परत येऊ नका.”

मी अण्णांकडे बघितलं. बसस्टॉपपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. बस आली, बसायला जागाही मिळाली. नळ स्टॉप गेल्यावर त्यांनी फुलस्केपची घडी उलगडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “फुकटचं दुसरं कोटेशन कुठे मिळेल रे?”