साठच्या वेगाचा गारठा

पुण्याहून महाबळेश्वरला मोटारसायकलवर निघालेल्या माणसाला जी थंडी वाजते ती पुण्यात नसते आणि महाबळेश्वरातही नसते. ती मधल्या १२० किलोमीटरांत तयार होते, आणि ती तयार करण्याचा कारखाना त्याच्या मांडीखालीच असतो. हे कबूल करायला आपण सहसा तयार नसतो. थंडी म्हटली की उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यांना नावं ठेवायची आणि पुण्याचा पारा १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंशांवर आला होता हे घरचं कार्य असल्यासारखं सांगायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. पण त्या १.७ अंशांत गोधडीत पडून राहिलेला पुणेकर आजच्या १० अंशांत साठच्या वेगाने सातारा रस्त्याला लागलेल्या पुणेकरापेक्षा नक्कीच सुखात होता. निफाडला पारा घसरला की द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, कारण द्राक्षाला पळता येत नाही. गारठा त्याच्याकडे चालून येतो. मोटारसायकलवाला गारठ्याच्या अंगावर धावून जातो आणि वर म्हणतो, ‘काय थंडी पडलीय!’ पडलेली नसते. त्याने ती ओढवून घेतलेली असते.

पुरावा हवा असेल तर शिरवळच्या आसपास हायवेच्या कडेची एखादी चहाची टपरी पहाटे सहाला पाहावी. टपरीवाला शर्टावर नुसता टॉवेल टाकून आलं ठेचत असतो. त्याच हवेत, त्याच दहा अंशांत एक स्वार येऊन थांबतो. हेल्मेट काढायला त्याला दोन मिनिटं लागतात, कारण हनुवटीखालचा पट्टा सोडवायची बोटं त्याच्या ताब्यात राहिलेली नसतात. ‘एक चहा’ म्हणताना ‘च’ जिभेवर येत नाही, म्हणून तो पातेल्याकडे नुसती हनुवटी उडवतो. दोघांच्या मधोमध थर्मामीटर टांगला तर तो दोघांनाही एकच आकडा दाखवील. १९४० च्या आसपास पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोन अमेरिकनांनी अंटार्क्टिकावर प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि वारा वाढला की ते किती लवकर गोठतं ते मोजलं. त्यावरून वाऱ्यातला गारठा मोजायचं सूत्र निघालं, आणि पुढे अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ साली त्याचं सुधारलेलं रूप स्वीकारलं. त्यात आपले आकडे घातले, हवा १० अंश आणि वारा ताशी ६०, तर उघड्या कातडीला ती हवा ५ अंशांसारखी लागते. म्हणजे घरून निघताना १० अंश आणि कात्रजच्या पुढे ५. मधले पाच अंश कोणी नेले? ॲक्सिलरेटरने. गंमत म्हणजे हे सूत्र पायी चालणाऱ्याच्या चेहऱ्यासाठी बसवलेलं आहे. पहाटे साडेपाचला हौसेने गाडी काढणारा माणूस ते बसवणाऱ्यांना बहुधा सुचलाच नसावा.

आता एवढं मान्य केलं की पुढचं सगळं आपोआप येतं. आपल्या अंगाभोवती हवेचा एक पातळ थर असतो. तो शरीराने स्वतःच्या खर्चाने तापवलेला असतो, आणि कपडे म्हणजे हा थर जागच्या जागी धरून ठेवायची युक्ती. लोकर उबदार असते ती तिच्या धाग्यांत अडकून पडलेल्या हवेमुळे. पण स्वेटर विणताना दोन सुलट, दोन उलट करत मावशीने जे घडवलेलं असतं ते नीट पाहिलं तर धाग्याने एकमेकांना बांधलेली भोकंच असतात. बसायच्या खोलीत ही भोकं उपकारक, कारण तिथली हवा बिचारी कुठे जात नाही. साठच्या वेगाला तीच हवा पुढच्या भोकातून शिरते, तापवून ठेवलेला थर उचलते आणि पाठीमागच्या भोकातून पसार होते. त्यावर दुसरा स्वेटर चढवला तर तिला आणखी थोडी भोकं शोधावी लागतात, एवढंच. शनिवारी पहाटे कात्रजच्या अलीकडे उभं राहिलं तर हा सबंध गैरसमज ओळीने जाताना दिसतो: शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा स्वेटर, मफलर, कानटोपी आणि कानटोपीवर हेल्मेट. (हेल्मेटसक्तीविरुद्ध या शहरात मोर्चे निघाले आहेत, पण एकही मोर्चा जानेवारीतल्या पहाटे साडेपाचला निघाला नाही, हे मोर्चेवाल्यांच्या हुशारीचं लक्षण.) जर्किन मात्र घरी खुंटीवर, कारण ‘स्वेटर घातलाय ना!’ मावशीच्या मायेबद्दल शंका नाही. पण मायेने वारा अडत नाही. तिच्यावर काहीतरी बिनभोकाचं घालावं लागतं.

आणि बिनभोकाच्या वस्तूंत सर्वांत स्वस्त, सर्वत्र मिळणारी आणि घडी घालता येणारी वस्तू म्हणजे वर्तमानपत्र. ही काही गरिबीतली पळवाट नव्हे. टूर द फ्रान्समधले सायकलपटू घामाघूम होऊन डोंगरमाथ्यावर पोचले की कडेच्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घ्यायचे, जर्सीत कोंबायचे आणि मग उतार घ्यायचे. आपल्याकडे ते घालायची रीत अशी: शर्टाच्या वर, जर्किनच्या आत, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत. एकच पान घेतलं तर पोटाशी वाकताना फाटतं, म्हणून चार पानांची जोडी उभी आणि चार पानांची आडवी. रविवारचा अंक पुरवण्यांमुळे जास्त उबदार, आणि वधूवरांच्या जाहिरातींचं पान छातीशी धरायला तर कुणाचीच हरकत नसावी. चालताना कुरकुर आवाज येतो, पण गाडीवर तो ऐकू येत नाही. खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, शाई पोटात जाते, असं अन्नसुरक्षा खात्याचं सांगणं आहे. खाणाऱ्याला गुंडाळण्याबद्दल त्या खात्याने अजून तरी काही म्हटलेलं नाही. वर्तमानपत्र नसेल तर दुसरी युक्ती दूधवाल्यांची. दोन्ही बाजूंना किटल्या लावून हा माणूस हिवाळाभर, रोज, अंधारात गाडी चालवतो. तो जर्किन उलटं घालतो. चेन पाठीवर आणि पाठ छातीवर. जर्किनमधली सगळ्यात मोठी फट म्हणजे चेनची. ती वाऱ्याच्या तोंडी द्यायचीच कशाला? कॉलर हनुवटीला टेकते, माणूस हजामाच्या खुर्चीतून उठून आल्यासारखा दिसतो, आणि त्याला थंडी वाजत नाही.

यावर पहिला आक्षेप हातांचा. छाती झाकून काय होणार, गोठतात ती बोटं! खरं आहे, आणि म्हणूनच छाती झाकायची. शरीराचा हिशेब फार रोकठोक असतो. काळीज आणि मेंदू गरम ठेवायला उष्णता कमी पडतेय असं दिसलं की ते हातापायांच्या कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं. घरात टंचाई झाली की आधी पोरांचा खाऊ बंद होतो, तसं. बोटांवर कितीही जाड मोजे चढवले तरी आतून गरम रक्तच येत नसेल तर मोजे धरून धरून ठेवणार काय? छाती आणि मान उबदार राहिली की शरीर पुन्हा उदार होतं. हातमोजे नकोत असं नाही. लोकरीचे नकोत, वारा न शिरणारे हवेत. आणि ही चैनीची गोष्ट नव्हे. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. आखडलेल्या बोटांनी ब्रेक दाबायला एक सेकंद जास्त घेतला तर समोरची उसाची ट्रॉली सोळा मीटर जवळ आलेली असते.

दुसरा आक्षेप सरळमार्गी माणसाचा: वेगानेच थंडी होते ना, मग हळू चालवा! इथे ते सूत्र जरा चहाटळपणा करतं. दहा अंशांच्या हवेत ताशी ४० ने गेलं तर सहा अंशांसारखं लागतं, ८० ने गेलं तर साडेचार. वेग निम्मा केला आणि मिळाला दीड अंश. महाबळेश्वर मात्र दीड तासाऐवजी तीन तास लांब. म्हणजे चेहरा उघडा असलेल्याने हळू जाऊन फार काही साधत नाही, गारठा तेवढा सावकाश खाल्ला जातो. पण हे झालं उघड्या कातडीचं. कपड्यात घुसणाऱ्या वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० चे ८० झाले की दाब चौपट. तेव्हा स्वेटरवाल्याने जरूर हळू जावं. वर्तमानपत्रवाल्याच्या वेगाची काळजी पोलिसांनी करावी, थंडीने नव्हे. तिसरा आक्षेप रायडिंग जॅकेटवाल्यांचा, आणि तो बिनशर्त मान्य. वाराबंद कापड, आत अस्तर, खांद्याला-कोपराला गाद्या; पडलं-झडलं तर तेच उपयोगी. पडलेल्याला वर्तमानपत्र वाचवत नाही, फार तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर जागा देतं.

मग हवेचा काहीच दोष नाही का? थोडा आहे. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जमीन निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, आणि पाण्यासारखी उतरत उतरत खोलगट जागी साचते. म्हणून नीरेच्या पुलाकडे उतरताना कोणी तरी अंगावर गार पाण्याचा तांब्या ओतल्यासारखं होतं, आणि वाईतून पसरणीचा घाट चढू लागल्यावर, ‘आता वर जातोय, आता मेलो’ म्हणणाऱ्याला जरा बरंच वाटू लागतं. वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात छापून येतात, त्याच पहाटे जवळच्या बाजारपेठेत पारा तेवढा उतरलेला नसतो, तोही याच हिशेबाने. पण असले खड्डे पाच-दहा मिनिटांत मागे पडतात. वाऱ्याचा खड्डा सबंध रस्ताभर सोबत येतो.

घरगुती उपायांत दोन फार लोकप्रिय आहेत. एक, इंजिनावर हात शेकणं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा निम्म्याहून बराच मोठा भाग चाकाला न लागता वाया जातो, म्हणजे स्वार अक्षरशः पेटत्या चुलीवर बसून कुडकुडत असतो. पण ही सगळी ऊब वारा मागच्या मागे पळवतो, थेट मागून येणाऱ्या कुत्र्याला. गाडी थांबवल्यावर बधिर बोटं इंजिनाला लावावीत तर चटका बसल्याचं कळायलाच उशीर होतो. दुसरा उपाय बाटलीतला. रम पोटात गेली की कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, अंग तापल्यासारखं वाटतं, आणि शरीराने आत जपून ठेवलेली ऊब बाहेर, वाऱ्याच्या हवाली होते. थोडक्यात, घराची दारं-खिडक्या उघडून ‘आता कसं प्रशस्त वाटतंय!’ म्हणायचं. शिवाय कायद्याला १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू चालत नाही, आणि फुंकर मारायच्या त्या यंत्राला थंडीचं कारण सांगून उपयोग नसतो.

शेवटचा आक्षेप लडाखवाल्यांचा, आणि पुण्या-मुंबईत लडाखवाले बरेच. जूनमध्ये बुलेट घेऊन निघतात आणि जुलैत दाढी घेऊन परततात. त्यांचं म्हणणं, महाबळेश्वर ही काय थंडी, खारदुंग ला बघा! बघू. लेह साडेतीन हजार मीटरवर, खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर (तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, मोजणी केली तर आठशे फूट कमी भरले, चढून गेलेल्यांना अर्थातच पाटीच मान्य). किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश धरले तर लेहहून वर जाता जाता पारा बारा अंशांनी उतरतो. तिथे जाड अस्तर हवंच. पण तिथेही माणसं रडकुंडीला येतात ती बर्फामुळे कमी आणि नाल्यांमुळे जास्त. रस्त्यावरून वाहणारं वितळलेल्या बर्फाचं पाणी बुटात शिरतं, आणि पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढून नेतं. जाणकार काय करतात? पायमोज्यांवर प्लास्टिकची पिशवी चढवतात आणि मग बूट. पुन्हा तेच, बिनभोकाचं काहीतरी. जर्मनीत १९५६ पासून भर हिवाळ्यात ‘हत्तीमेळावा’ नावाची मोटारसायकलींची जत्रा भरते, माणसं बर्फात तंबू ठोकून राहतात; त्यांच्याही हँडलला मुठी झाकणाऱ्या पिशव्या लटकलेल्या असतात. त्याच पिशव्या दिल्लीकडे फुटपाथवर विकायला असतात. आपल्याकडे धनगराच्या घोंगड्याची खोळ पावसावाऱ्याला पुरून उरते ती घट्ट खळ दिलेल्या विणीमुळे. मावशीने तिथून काहीतरी घ्यायला हवं होतं.

सगळ्यात उत्तम वाराबंद वस्तूचा उल्लेख मात्र राहिलाच. ती विकत मिळत नाही, पुढच्या सीटवर बसवावी लागते. डबलसीट जाणाऱ्यांत पुढचा हा मागच्याचं जर्किन, वर्तमानपत्र आणि कंपाउंडची भिंत असं सगळं एकदम असतो. म्हणून महाबळेश्वरला चहाच्या टपरीवर गाडी लागते तेव्हा दोन वेगवेगळ्या ऋतूंतून आलेली दोन माणसं तिच्यावरून उतरतात. पुढचा ग्लास दोन्ही हातांत धरून गालाला लावतो. थोड्या वेळाने बोटं वळायला लागली की चेन उघडून छातीवरचं वर्तमानपत्र बाहेर काढतो. घामाने कडा ओल्या, मधोमध पोटाची घडी, शर्टावर मथळा उलटा उमटलेला. पान पालथं करून तो हवामानाचा रकाना शोधतो.

“पुणे, किमान दहा पूर्णांक दोन,” तो मोठ्याने वाचतो. “दहाच होतं म्हणे रे!”

“तरीच,” मागचा जांभई देत म्हणतो, “मला काही जाणवलं नाही.”