कुंपणावरची निवड समिती

कतारमधल्या मदिनत अश शमालमध्ये मराठी माणसाला संध्याकाळी बोलायला दोनच विषय : रास लफानच्या गॅस प्रकल्पातली शिफ्ट आणि अल शमाल क्लबचा फुटबॉल. क्लबचं स्टेडियम झुबाराच्या किल्ल्यासारखं बांधलेलं, त्यामुळे गावाचं सगळं कौतुक तिकडेच वाहतं. आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर मात्र हॉकीच चालते. मी खडकीचा, म्हणजे धनराज पिल्लेच्या गावचा. शेजारच्या वहिनी सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या. त्यामुळे माघार कोणीच घेत नाही.

"भावजी, पुढच्या मोसमात नवं पोर कोण गाजणार? बोला एकदाचं." वहिनी दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणाल्या.

"अरायजीत हुंडल. इथनं जवळच, मस्कतला, २०२४ च्या ज्युनियर आशिया चषकाची फायनल. पाकिस्तानला आपण ५-३ नं हरवलं, त्यातले चार गोल ह्या एकट्याचे!"

"गोल मोजायला काय, माझा धाकटापण मोजतो. मोठ्या संघात पेनल्टी कॉर्नर घ्यायला हरमनप्रीत हाय. तो उभा असताना ह्या पोराच्या वाट्याला किती कॉर्नर येणार?"

मी जरा चाचपडलो. "बरं, मग तुमचं कोण?"

"इचारताय काय? आमच्या साताऱ्याची ऋतुजा पिसाळ! २६ जानेवारी २०२५, रांची. बायकांच्या हॉकी इंडिया लीगची पहिलीवहिली फायनल. ओडिशा वॉरियर्सनं सूरमाला २-१ हरवलं, दोन्ही गोल ऋतुजाचे. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशिया चषकाला पण गेली. आसूची वैष्णवी फाळके बी तिथंच. एका जिल्ह्याच्या दोघी!"

"वहिनी, कौतुक मलाही आहे. पण ऋतुजा २०२३ मध्येच ज्युनियर विश्वचषक खेळून आली. तिला नवखी कसं म्हणायचं? आपल्याकडचा असुंता लाक्रा पुरस्कार एकवीस वर्षांखालच्या मुलींना असतो. मुलांसाठी जुगराज सिंगच्या नावाचा आहे, त्यालाही तेच वय."

"वयाचं मला सांगू नका. टोरांटोच्या नणंदबाई म्हणत होत्या, तिकडं बर्फावरच्या हॉकीत काल्डर ट्रॉफी असती, पहिल्या मोसमातल्या खेळाडूला. १९९० मध्ये ती मकारोव्ह नावाच्या रशियनानं नेली. एकतीस वर्षांचा बाप्या! रशियात वर्षानुवर्षं खेळून, पदकं घेऊन आलेला, आणि तिथं नवखा म्हणून बक्षीस!"

"मग लोक गप्प बसले?"

"कशाला बसतील? लगेच नियम केला, सव्वीस पुरी झाली तर नाव घ्यायचं न्हाई. म्हणजे बघा, सव्वीसच्या आतली आमची ऋतुजा तिथं बसती."

"तिथं बसती, पण बर्फावर!"

वहिनी हसल्या, तरी मुद्दा सोडला नाही. "भावजी, मला एक सांगा. पोर गुणी असून काय होतं? जागा मोकळी व्हायला लागती. वंदना कटारिया १ एप्रिल २०२५ ला आंतरराष्ट्रीय हॉकीतनं थांबली. मला आधी एप्रिल फूलच वाटलं. ३२० सामने, १५८ गोल. टोकियो ऑलिंपिकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक. एवढी बाई पुढनं हटल्यावर कुणाला तरी पळायला मैदान मिळणारच की!"

"हे मात्र खरं. आमच्या मुंबईच्या सूरज करकेराचंच बघा. गोलकीपर म्हणून गुणी, पण पुढे श्रीजेश. श्रीजेश पॅरिसचं कांस्य घेऊन थांबला २०२४ मध्ये, तोवर बिचारा वाट बघत राहिला. गोलात दुसऱ्याला जागाच नसते."

"आन तोच श्रीजेश मग ज्युनियर पोरांचा गुरू झाला! डिसेंबर २०२५ मध्ये ज्युनियर विश्वचषकात चेन्नईत अर्जेंटिनाला हरवून कांस्य आणलं त्याच्या पोरांनी."

"त्याच स्पर्धेत बेल्जियमविरुद्ध शूटआउटला प्रिन्सदीप सिंग गोलात उभा होता. तो माझा उमेदवार, लिहून ठेवा."

"घ्या! आत्ताच म्हणालात, गोलात दुसऱ्याला जागा न्हाई. मग ह्याला कुठनं दिली? आधी करकेराला तरी नीट खेळू द्या."

भिंतीपलीकडून कुकरची शिट्टी झाली. वहिनी आत जाऊन गॅस बंद करून आल्या. मला वाटलं विषय सुटला. कुठला सुटतोय!

"आणि पुरस्काराचं म्हणाल तर," मी बाजू सावरली, "लखनौच्या भाजीवाल्याची मुमताज खान २०२२ मध्ये जागतिक हॉकी संघटनेची उगवती तारका ठरली. पण मोठ्या संघात पक्की व्हायला तिलाही थांबावंच लागलं. उलट विवेक प्रसादला २०१९ चा तोच मान मिळाला आणि दोन वर्षांत पोरगा टोकियोचं कांस्य गळ्यात घालून आला."

"तेच म्हणतीय मी! विवेक सतरा वर्षांचा असल्यापासनं मोठ्या संघात खेळत होता, आधी जागा मिळाली, मग बक्षीस. मुमताजचं आधी बक्षीस, मग रांग. म्हणून मी बक्षिसं बघत न्हाई. कोण थांबलं, कुणाचा गुडघा दुखावला, कोच कुणाला शेवटच्या पंधरा मिनिटांत मैदानात सोडतो, ते बघती."

"मग ह्या हिशेबानं नाव सांगा. फलटण सोडून."

वहिनींनी चिमट्यांची टोपली भिंतीवर ठेवली आणि जरा विचार केला. "सुनेलिता टोप्पो. सुंदरगडची, २००७ चा जन्म. तुमच्या एकवीस वर्षांच्या नियमात बसती, आणि मोठ्यांच्यात २०२४ पासनं खेळतीय. बॉल घेऊन आत शिरायला घाबरत न्हाई. अशा पोरीला कोच जास्त वेळ बाहेर बसवत न्हाई."

"ठरलं. माझा प्रिन्सदीप, तुमची सुनेलिता. हरेल त्यानं रुवैसच्या बंदरावरनं हमूर मासा आणायचा. दोन किलोचा."

"आणि ऋतुजानं मोसम गाजवला तर?"

"मग पैज रद्द."

"रद्द कशी? मग तुम्ही हमूर आणायचा, आणि साफ बी तुम्हीच करायचा. ऋतुजाचं नाव पहिल्यांदा कुणी काढलं?"

"अहो, ही दोन नावं झाली तुमची!"

"निवड समितीत राखीव खेळाडू असतात की न्हाई?"