ज्याच्या घरचा चहा पेलो

भाऊंचे मेसेज कोरोनाच्या दिवसांत नेहमी जोडीनं यायचे. पहिला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली जोडलेले तीन हात आणि एक पांढरं फूल. मिनिट व्हायच्या आत दुसरा: ‘यमराजाले वर्क फ्रॉम होम नसते, म्हून थो एकटाच बाहेर फिरून रायला.’ त्यावर निवृत्त गुरुजी शुद्ध मराठीत लिहायचे, ‘प्रसंगाचे गांभीर्य राखावे ही नम्र विनंती.’ आणि भाऊंचं उत्तर तयारच असायचं: ‘गुरुजी, गांभीर्य वरच्या मेसेजमंदी ठेवलं हाय. खालचा दुसरा विषय हाय.’

असा एक माणूस प्रत्येक ग्रुपवर असतो. घराण्याच्या ग्रुपवर असतो, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर असतो, सोसायटीच्या ग्रुपवर तर सेक्रेटरीच तो असतो. आमच्या मुकुटबनच्या ग्रुपवर भाऊ आहेत.

भाऊंचा पानठेला आहे. झरी जामणी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. आजूबाजूच्या पोडांवरून येणारे कोलाम, कापूसवाले, खाणीवरचे, आणि त्या वेळी सिमेंट कारखान्याचं बांधकाम चालू होतं त्यामुळे बिहार-यूपीकडचे मजूर, असं सगळं गिऱ्हाईक भाऊंच्या ठेल्यावर एका रांगेत उभं राहतं. भाऊ खर्रा घोटतात. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटताना दोन मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाला एक विनोद ऐकवायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. विनोदाचे पैसे वेगळे घेत नाहीत. आदिलाबाद हाकेवर असल्यानं माल तेलुगूतूनही येतो. तिकडच्या साडूनं फोनवर सांगितलेला विनोद भाऊ संध्याकाळपर्यंत वऱ्हाडीत उतरवून मोकळे.

मार्च 2020 मध्ये ठेला बंद झाला. खर्रा काही बंद झाला नाही. तो घराच्या मागच्या दारानं, ओळखीच्या माणसाला, वाढीव भावानं मिळत राहिला, आणि त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणं बरं नाही. पण मागच्या दारी दोन मिनिटं उभं राहायची सोय नव्हती. पन्नी घ्यायची, खिशात घालायची, निघायचं. त्यामुळे भाऊंचे विनोद तुंबले. पोराचा जुना स्मार्टफोन त्यांनी हातात घेतला तो या तुंबण्यापायी. आधी एका बोटानं टाइप करायचे, मग बोलून टाइप करायचं शिकले. फोनला त्यांची वऱ्हाडी कळायची नाही. ‘काहून बे’चं तो ‘काहूर बी’ करायचा, आणि आम्ही काहूर कसलं म्हणून काळजीत पडायचो.

सुरुवातीचे दिवस त्यांच्या दृष्टीनं सुगीचे होते. मरण चीनमध्ये होतं, इटलीत होतं. मग दुबईहून परतलेल्या प्रवाशांमुळे यवतमाळचं नाव राज्यातल्या पहिल्या काही रुग्णांच्या यादीत आलं, तेव्हा भाऊ म्हणाले, ‘आपल्या जिल्ह्याले बिमारी बी दुबईवरून आली, यष्टीनं नाई. इज्जत हाय आपली.’ 22 मार्चला संध्याकाळी 5 वाजता सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. भाऊंनी वाजवली नाही, कारण वहिनींनी थाळी दिली नाही. ‘चेपली तं भरून देईन का सरकार?’ हे वहिनींचं वाक्य भाऊंनी स्वतःच्या नावावर खपवलं. 5 एप्रिलला रात्री 9 वाजता नऊ मिनिटं दिवे घालवायचे ठरले, तेव्हा त्यांनी लिहिलं की आपण सारे भारनियमनवाले लोक, आपल्याले हे मुद्दाम कायले सांगावं लागते. फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, आठवतं? भाऊ पलीकडच्या माणसाला ‘हॅलो’च्या आधी विचारायचे, ‘त्या बाईले दवाखान्यात नेलं का नाई कोनी?’

त्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रं बंद असल्यामुळे कित्येकांचा कापूस घरातच पडून होता. अर्ध्या खोलीत कापूस, उरलेल्या अर्ध्यात अख्खं कुटुंब, आणि सगळ्यांना कापसाच्या गंजीमुळे खाज. भाऊंचा सल्ला असा की सोशल डिस्टन्सिंग माणसापासून पाळा, कापसापासून पाळता येत नाही. हा विनोद ग्रुपवर फार चालला, कारण प्रत्येक जण वाचता वाचता खाजवत होता.

ग्रुपवर सगळेच हसत नव्हते. गुरुजी प्रत्येक आकडेवारी, प्रत्येक शासन आदेश पूर्ण टाकायचे. पुण्यात कंपनीत असलेला एकाचा भाचा इंग्रजी बातम्यांच्या लिंका टाकायचा, ‘प्लीज रीड’ म्हणून, आणि त्या कोणी उघडायचं नाही. एक आत्याबाई कापूर-ओव्याच्या पुरचुंडीचा मेसेज अकरा जणांना पाठवा म्हणायच्या. मेडिकलवाल्याचं उत्तर ठरलेलं, ‘असं काही नसते आत्याबाई’, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानातला कापूर संपायचा. आमच्या वार्डाची आशा वर्कर, जिला लहानथोर सगळे ताईच म्हणतात, ती मात्र फक्त कामाचं लिहायची. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची पाहणी सुरू झाली. ताई ती तापमान मोजायची बंदूक घेऊन दारोदार फिरत होती. तिनं कपाळावर रोखल्यावर भाऊ दोन्ही हात वर करून म्हणाले, ‘ताई, गल्ला तिकडं हाय.’ ताईनं आकडा वहीत लिहिला आणि म्हणाली, ‘भाऊ, तीस घरं बाकी हायेत. हसाले उद्या येतो.’ भाऊंना निरुत्तर केलेलं मी पाहिलं ते तेवढंच.

तसं पाहिलं तर गुरुजी आणि भाऊ यांच्यात मला फारसा फरक वाटत नाही. एक आकडे मोजून धीर धरत होता, एक आकड्यांवर हसून. रात्री दोघंही जागेच असायचे. ‘ऑनलाइन’ दिसायचं ना दोघांच्याही नावाखाली.

त्याआधी, 2020च्या एप्रिलमध्ये, व्हॉट्सॲपनं फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. भाऊ खवळले. ‘मले वाटलं सरकार डरते माह्या जोकले. आता तं अमेरिका बी डराले लागली.’ मग ते एकेकाला वेगवेगळा पाठवत बसायचे, पूर्वी एकेका गिऱ्हाइकाला सांगायचे तसा.

आता भाऊंच्या नियमाबद्दल. तो त्यांनी कधी जाहीर केला नव्हता. पहिला मृत्यू ओळखीतल्या गावात झाला तेव्हा जोडीतला दुसरा मेसेज आलाच नाही. नुसती श्रद्धांजली. ग्रुपवरच्या एका पोट्ट्यानं खट्याळपणे विचारलं, ‘भाऊ, आज खालचा माल नाही का?’ भाऊंनी लिहिलं, ‘ज्याच्या घरचा चहा पेलो, त्याच्यावर जोक नाई.’

नियम साधा आहे, पण पानठेलेवाल्यानं करावा असा नाही. वाण्यानं केला असता तर निभला असता. भाऊंनी या तालुक्यात कोणाच्या घरचा चहा प्यायला नाही? साक्षगंधाला गेले तिथं प्यायले, तेरवीला गेले तिथं प्यायले, उधारी मागायला गेले तिथं तर उधारीऐवजी चहाच मिळाला. हैदराबादकडून मजूर पांढरकवड्यावरून नागपूरकडे पायी निघाले, त्यांचे फोटो आले, तेव्हाही भाऊ गप्प होते. सिमेंटच्या कामावरच्या त्या पोरांच्या पालात त्यांनी काळा चहा घेतलेला होता. ‘हे थे नाई, पन थ्यायच्याच गावचे असन.’ बिमारी जसजशी जवळ येत गेली, तसतसं त्यांचं विनोदाचं रान आकसत गेलं.

मास्कवर मात्र ते शेवटपर्यंत बोलत राहिले. आणि एकदा जे बोलले ते मी विनोदात धरत नाही, पण ते हसतच बोलले होते. ठेला पुन्हा उघडल्यावर एका साहेबांनी मास्क नाकाखाली आला म्हणून त्यांना पावती फाडली. भाऊंनी पैसे दिले, वर खर्रा दिला आणि म्हणाले, ‘साहेब, 2017 साली फवारनी करता करता ह्या जिल्ह्यात वीसच्या वर मानसं मेली. तवा मास्क लावा म्हनून कोनी एवढ्या प्रेमानं दंड नाई केला.’ साहेब खर्रा चघळत गेले. मास्क अर्थातच हनुवटीवर.

फेब्रुवारी 2021 मध्ये बाकी राज्य जरा निवांत असताना अमरावती-यवतमाळात रुग्ण वाढले, निर्बंध लागले. भाऊंचा दोन ओळींचा मेसेज: ‘विदर्भाचा अनुशेष भरून निघाला. पयल्यांदा पुन्याच्या पुढं गेलो.’ पुण्याच्या भाच्यानं यावर हसण्याचा चेहरा टाकला. वर्षभरातला त्याचा पहिलाच प्रतिसाद, लिंकशिवाय.

त्याआधी 31 जानेवारीला घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी 12 लेकरांना सॅनिटायझर पाजल्याचं प्रकरण झालं होतं. भाऊ त्यावर काही तरी लिहिणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते थांबले. लेकरं बरी असून घरी गेल्याचं कळल्यावरच मेसेज आला: ‘आपल्या जिल्ह्याची पोट्टी आता आतूनबी निर्जंतुक.’ म्हणजे माणूस तारतम्य पाळत होता, त्याच्या परीनं.

एप्रिलमध्ये ते तारतम्य एकदा घसरलं. दारूची दुकानं बंद होती, तेव्हा भाऊंनी लिहिलं, ‘दुकान बंद असलं तं काय झालं, सॅनिटायझरच्या बाटलीवर सत्तर टक्के लिहेल हाय.’ तसले विनोद तेव्हा देशभर फिरत होते. पुढच्याच दिवसांत बातमी आली, वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. वणी म्हणजे आमच्याकडून पाऊण तासाचा रस्ता. भाऊंची सुपारी तिथूनच येते. त्यांनी आधीचा मेसेज काढून टाकायची खटपट केली, पण सगळ्यांच्या फोनवरून पुसायची मुदत तेव्हा तासाभराची होती, ती केव्हाच उलटून गेलेली. मग त्यांनी जे केलं ते आमच्या ग्रुपवर अजून सांगतात. गुलाबाची फुलं. शुभ सकाळ, शुभ दुपार, शुभ सायंकाळ, विवेकानंदांच्या फोटोवर कोणाचेही सुविचार, परत गुलाब. दिवसभर. तो एक मेसेज वर, आणखी वर, कोणी बोट फिरवून फिरवून कंटाळावं इतका वर जाईपर्यंत. गुरुजींना यातलं काहीच उमगलं नाही. रात्री त्यांनी लिहिलं, ‘आज आपल्या लेखनात सकारात्मकता जाणवली. अभिनंदन.’

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दारी गेलो तेव्हा भाऊ खर्रा घोटत होते, बोलत नव्हते. निघताना म्हणाले, ‘आख्ख्या वणीचा चहा पेलो हाय मी.’

त्यानंतर विषय उरले दोनच, सरकार आणि ते स्वतः. सरकारनं लग्नाला 25 माणसं आणि दोन तास असा नियम केला, त्यावर भाऊंनी विचारलं, ‘दोन तासांत जावयानं रुसाचं कधी आन् मानाचं कधी?’ पण सरकारचं पीकही किती दिवस पुरणार?

मे महिन्यात भाऊ पॉझिटिव्ह निघाले. ताईनंच नेऊन कोविड सेंटरला पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर कार्ड आलं. भाऊंचा आधार कार्डावरचा फोटो, त्याला कुठल्याशा ॲपमधला झेंडूचा हार, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘कळवण्यास आनंद होतो की आमचे भाऊ अजून गेलेले नाहीत. अंत्ययात्रेले वीसच मानसाची परवानगी असल्यानं नावं आगाऊ नोंदवावी. उधारीवाल्यांना प्राधान्य.’

बारीक अक्षरं कोण वाचतं! हार दिसला, फोटो दिसला, पंधरा मिनिटांत साठ-सत्तर जोडलेले हात. मेडिकलवाल्यानं ‘एक हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले’ लिहिलं. आत्याबाईंनी कोणता तरी श्लोक टाकला, तो वास्तुशांतीचा निघाला. आदिलाबादच्या साडूनं तेलुगूत हंबरडा फोडल्याची ध्वनिफीत पाठवली. एका गिऱ्हाइकानं तर मन खाऊ लागल्यामुळे वर्षाची उधारी फोनपेवर चुकती केली, आणि दुपारी खरं कळल्यावर ‘भाऊ, घाईत जास्त गेले वाटते’ म्हणून अर्धे परत मागितले. भाऊंनी दिले नाहीत. मेलेल्या माणसाचा व्यवहार असतो का म्हणे.

वहिनींना शेजारणीनं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्या भाऊंशीच फोनवर भांडत होत्या, त्यामुळे तो घोळ तिथं झाला नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, ‘मेल्यावर बी ऑनलाइन राहीन हा मानूस.’

मग तीन-चार दिवस भाऊंचं काहीच आलं नाही. ऑक्सिजन लावल्याचं ताईनं सांगितलं. ग्रुपवर आकडे येत होते, आदेश येत होते, लिंका येत होत्या. जोडमेसेजातला खालचा भाग येत नव्हता. कोणी तसं बोललं नाही. पण चौथ्या रात्री, साडेअकराच्या सुमाराला, ग्रुपवर एक विनोद पडला. फार जुना, मास्तर आणि बंड्याचा, त्यात मास्क कुठून तरी घुसवलेला. पाठवणारे गुरुजी. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘वातावरण हलके होण्यासाठी.’

कोणालाच काय म्हणावं ते सुचेना. हसायचं तर कशाला, न हसावं तर गुरुजी. सगळ्यांनी वाचलं आणि सगळे गप्प. बारा वाजता भाऊंच्या नावाखाली ‘टायपिंग’ उमटलं. बराच वेळ उमटत राहिलं, बहुधा एकाच बोटानं.

‘गुरुजी, चुना कमी पडला.’

आणि गुरुजी ग्रुप सोडून गेले.